बिनमिशीची टीप

अठ्ठ्याऐंशी साली जळगावात हायवेला एक गार्डन हॉटेल निघालं, तिथं मी वेटर होतो. हिरवळ, तिच्यावर वेताच्या खुर्च्या, झाडांना रंगीत बल्ब. गिऱ्हाईक सगळं तालेवार: सावदा-रावेरचे केळीवाले, कापसाचे दलाल, साहेबलोक. माझ्या ओठावर तेव्हा भरदार मिशी होती. एरवी माझं तोंड काही देखणं नाही. रंग तव्यासारखा, नाक बसकं. मिशीमुळे त्या तोंडाला जरा वजन होतं असं माझं मत, आणि ते अजून बदललेलं नाही.

मालकानं मुंबईहून मॅनेजर आणला. कुणाला किती टीप मिळते यावर त्याची नजर असायची. आमच्यातला मगन गोरा, कुरळ्या केसांचा. मिशी त्याला कधी धड उगवलीच नाही. कामात महाआळशी. शेवभाजी मागितली तर पापड आणून ठेवायचा आणि वर गोड हसायचा. तरी टीप त्यालाच. मी पाणी न मागता आणायचो, पोळी गरम द्यायचो, कोणाला तिखट चालतं नि कोणाला नाही हे ध्यानात ठेवायचो, आणि माझ्या ताटलीत गिऱ्हाईक बडीशेप तेवढी ठेवून जायचं. मला राग यायचा. का येऊ नये?

एक दिवस मॅनेजरनं आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं केलं. "गिऱ्हाईक वाढण्याला टीप देत नाही, तोंडाला देतं," तो म्हणाला. "उद्यापासून सगळ्यांच्या मिश्या साफ."

मी म्हणालो, "साहेब, माझा बाप जिवंत आहे."

"मग?"

त्याला खरंच कळलं नाही. आमच्याकडे बाप गेला की पोरगा मिशी उतरवतो. बाप धडधाकट असताना ती उतरवायची म्हणजे त्याला आपल्या हातानं तिरडीवर घालायचं. मी त्याला हे नीट समजावून सांगितलं. तो हसला आणि मला मुतारीजवळच्या टेबलांवर टाकलं. तिथं बसतं कोण? आठवडाभर मी तिथं उभा राहून माश्या हाकलल्या. मग त्यानं सांगितलं, सोमवारी मिशी दिसली तर नोकरी गेली समज.

घरी माझी बायको लता म्हणाली, "आबांना कळलं तर?" आबा म्हणजे माझे वडील, एरंडोलजवळच्या आमच्या गावी असायचे. म्हटलं, मिशी पुन्हा येईपर्यंत गावाचं तोंड बघायचं नाही, म्हणजे झालं.

मिशी काढ म्हटल्यावर न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "कधी गेले?"

"कोणी गेलं नाही. नोकरी जाणार होती."

त्यानं वस्तरा पुन्हा उचलला, पण डाव्या बाजूची मिशी काढताना दोनदा थांबला. आरशात बघितलं तर वरचा ओठ नुसता सोललेल्या केळ्यासारखा. चीड आली मला. मॅनेजरची आली, मगनची आली, त्या आरशाचीसुद्धा आली.

आणि सोमवारपासून टिपा सुरू झाल्या! नोटा, तीही ताटलीत नव्हे, थेट हातात. सावद्याचे लीलाधर शेठ केळीचे मोठे व्यापारी. एवढ्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. त्यांनी दहाची नोट माझ्या मुठीत दाबली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांभाळ स्वतःला." एका दलालानं तर जाताना पाठ थोपटली. मॅनेजर गल्ल्यावरून बघत होता. "बघ," म्हणाला, "तोंड साफ, खिसा भरलेला." मला वाटलं, खरंच की काय? एवढे महिने गरम पोळी पळवत आणली तिला कोणी विचारलं नाही, आणि ओठावरचे चार केस गेल्यावर लोकांना माझा पुळका आला? पैसे घेतले, पण मनातून इतका अपमान मला मुतारीजवळ उभं राहूनही वाटला नव्हता.

शनिवारी हॉटेल भरलं होतं. लीलाधर शेठ पाहुण्यांना घेऊन मधल्या टेबलावर बसले होते. आल्या आल्याच त्यांनी एक नोट माझ्या खिशात सरकवली होती. तेवढ्यात फाटकातून आबा आत आले. धोतर, टोपी, पायात धुळीच्या वहाणा, आणि ओठावर पांढरीशुभ्र, पीळदार मिशी. हिरवळीवरून सरळ चालत आले नि शेठच्या शेजारच्या टेबलावर बसले.

"जीवराम! आठे ये."

मी गेलो. त्यांनी माझा ओठ पाहिला. बराच वेळ पाहिला. त्यांचे डोळे भरल्यासारखे झाले. पण आवाज निघाला तो खणखणीत.

"आपला घरमा कोन मरनं रे?"

"कोणी नाही, आबा."

"मंग काल तुनी रुक्मा आत्या धुयाथाईन रडत रडत का बरं उनी?"

आजूबाजूचे घास थांबले. आबांनी मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. काल दुपारी ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. गल्लीच्या तोंडापासून बायांचा रडण्याचा आवाज आला. कोणाकडे गेलं, बघावं म्हणून त्यांनी दार उघडलं, तर दारात त्यांचीच सख्खी बहीण, "मना भाऊ" म्हणत ऊर बडवतेय. मागे एरंडोलचे सोयरे, टोप्या हातात घेऊन, दारावर म्हणजे दुखवट्याला आलेले.

"माले दखीसन ती जास्तीच रडनी," आबा म्हणाले. "मंग भांडनी. म्हने, जित्ता शे तर आधी सांगता येत नही का?"

कोणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत. आत्यानं सांगितलं होतं, सावद्याच्या शेठच्या ड्रायव्हरनं एरंडोलला निरोप दिला की हॉटेलातल्या जीवरामचा बाप गेला, आणि सोयऱ्यांनी तो धुळ्याला तिच्यापर्यंत पोचवला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या नोटा, तो खांद्यावरचा हात, ती पाठ थोपटणं. ही सगळी माणसं इथली, आमच्यातलीच. बोडका ओठ पाहिला आणि समजून गेली. ताटावर बसून मरणाचं कोणी विचारत नाही, म्हणून न विचारता मुठीत नोट ठेवून गेली. कुणाला माझं वाढणं दिसलं नव्हतं आणि तोंडही दिसलं नव्हतं. दिसलं होतं ते फक्त माझ्या बापाचं मरण.

लीलाधर शेठ कानापर्यंत लाल झाले. "आबा, आम्हाला वाटलं... जेवताना कसं विचारायचं?"

मी खिशातली नोट काढून आबांपुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, गुडघ्यावर नीट सपाट केली आणि शेठच्या ताटाशेजारी ठेवली.

"शेठ, हाई तुमनाजोडे ठेवा. जवय मी मरसू, तवय द्या."

मॅनेजर धावत आला. "कोण आहे हा म्हातारा? बाहेर काढ त्याला, गिऱ्हाइकांना त्रास होतोय."

"हेही गिऱ्हाईकच आहे," मी म्हणालो. "आणि माझा बाप आहे. बोलताना जरा जपून."

मी आत गेलो, शेवभाजी घेतली, गरम पोळ्या घेतल्या, कांदा फोडला, पाण्याचा तांब्या भरला. सगळ्या हॉटेलदेखत आबांना वाढलं. शेठनी मान खाली घालून आपलं जेवण संपवलं. आबा पोटभर जेवले, बिल दिलं आणि शेवटची एसटी पकडायला गेले. जाताना माझ्या ओठाकडे बोट करून एवढंच म्हणाले, "वाढू दे."

"उद्या ओठावर काळं दिसलं तर येऊ नकोस," मॅनेजरनं बजावलं.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. दाढी केली होती, ओठाला वस्तरा लावला नव्हता. लग्नसराई होती, हातातला माणूस सोडला तर दुसरा मिळणार नाही हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्यानं मला पुन्हा मुतारीजवळ टाकलं. मी मधली टेबलं धरली. ज्या टेबलावर पाणी ठेवायचो, तिथं आधी सांगायचो, "माझा बाप जिवंत आहे, शेठ. बोला, काय आणू?" लोक चमकत, काही हसत. नोटा बंद झाल्या, ताटलीत पुन्हा बडीशेप आली. येऊ दे.

चौथ्या की पाचव्या दिवशी मॅनेजरनं मला बाजूला ओढलं. "गिऱ्हाइकाला येता-जाता हे काय सांगत सुटलायस? बंद कर."

"करतो की," मी म्हणालो. "थोडे दिवस कळ काढा. मिशी आली की तीच सांगेल."