कोपऱ्याचं भात

दिनानाथ आढाव आपल्या शेताचा एक कोपरा कापत नसत, आणि ही गोष्ट त्यांनी ज्याला सांगितली नाही असा माणूस चामटोलीपासून अंबरनाथपर्यंत शोधून सापडला नसता. शास्त्रात सांगितलंय, ते म्हणत, की कापणी करताना शेत कडेपर्यंत झाडून कापू नका. कोपरा गोरगरिबांसाठी ठेवा, खाली पडलेला सरवा वेचू नका. मोठमोठ्या इस्टेटी असलेले ख्रिस्ती लोक हे वाचतात आणि पान उलटतात, पण आपण दीड एकरात ते करून दाखवतो. एवढं बोलून झालं की ते समोरच्याकडे बघत थोडा वेळ थांबत. समोरच्याने मान डोलावली की पुढे बोलत.

माणूस वाईट नव्हता. नगरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. अंबरनाथच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून नटबोल्ट मोजले, आणि निवृत्त झाल्यावर सोसायटीतला फ्लॅट घ्यायचा सोडून चामटोलीला जमीन घेतली. नातेवाइकांनी वेड्यात काढलं. आढावांनी दोन खोल्या बांधल्या, विहीर उपसून घेतली, तांबू नावाची गाय घेतली. नांगराला हात लावण्याआधी ते टोपी काढून शेतात उभे राहत आणि मोठ्याने प्रार्थना करत. शेजारचे शंकरराव बांधावरून ओरडायचे, "आढाव, देवाला कोपरा कशाला, अख्खं शेतच देऊन टाका! म्हणजे आम्हाला बांध सरकवायला बरं!" आढाव हसत. त्यांना असं चिडवलेलं आवडत असे, कारण त्यात कोपऱ्याचा उल्लेख असे.

त्यांचा तांदूळ अंबरनाथच्या चर्चच्या मंडळीतले लोकच घेऊन जात. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात बायका विचारायच्या, "आढाव, यंदा प्रार्थनेचा तांदूळ आमच्यासाठी ठेवलात ना?" तांदूळ साधाच होता, पण प्रार्थनेचा तांदूळ म्हटलं की आढावांची मान ताठ व्हायची. पत्नी पद्मजाबाई, ज्यांना सगळे माई म्हणत, त्या अशा वेळी दुसरीकडे बघायच्या.

पहिली दोन वर्षं तो कोपरा विहिरीकडचा होता. कापणी झाली की कातकरवाडीतून जनी यायची, सोबत सून बकुळा. दोघी कोपरा कापायच्या, सरवा वेचायच्या, आणि जाताना माईंच्या ओट्यावर चहा प्यायच्या. शेतातलं सगळ्यात भरलेलं भात त्या कोपऱ्यात असे. माईंनीच तो निवडला होता. द्यायचं तर चांगलं द्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या वर्षी वरच्या अंगाला एक नवा कारखाना सुरू झाला आणि शेताच्या खालच्या बाजूने वाहणारा नाला बदलला. एक दिवस पाणी तांबूस, एक दिवस निळसर, आणि वास रोजचा. पावसात नाला फुगून नाल्याकडच्या खाचरात शिरायचा. पाणी ओसरलं तरी वास मातीत राहायचा. भात तिथं येत होतं, उलट पात्या जरा जास्तच हिरव्या दिसत होत्या. माईंनी त्यातला मूठभर तांदूळ शिजवून पाहिला. झाकण काढल्याबरोबर त्यांनी नाकाला पदर लावला आणि पातेलं घरामागच्या खड्ड्यात उपडं केलं.

त्या वर्षी आढावांनी देवाचा कोपरा बदलला. विहिरीकडचा स्वतः कापला आणि नाल्याकडचा सोडला.

"शास्त्रात कुठला कोपरा ते लिहिलेलं नाही," ते म्हणाले. माईंनी काही विचारलं नव्हतं.

"तुम्ही खाल का तिथलं?" आता माईंनी विचारलं.

"अगं, आपल्याला वास सहन होत नाही. त्या लोकांना सवय असते."

हे वाक्य बोलून आढाव चहा प्यायले. मला या माणसाची दया येते, पण या वाक्याला मी क्षमा करू शकत नाही. एका चांगल्या माणसाने ते इतक्या सहज उच्चारलं की त्याचं त्यालाही ते ऐकू आलं नाही. माई मात्र ते ऐकून गप्प बसल्या, आणि त्यांचं गप्प बसणंही यात धरायला हवं.

पुढच्या वर्षी, एक्क्याण्णवच्या सप्टेंबरात, तांबू गाभडली. सहा महिन्यांची गाभण गाय, अंगाने चांगली, आणि एका सकाळी गोठ्यात ते अपुरं वासरू पडलेलं. कुळगावहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी गाय तपासली, मग ती कुठे चरते ते बघायला शेतात गेले. नाल्याकडच्या बांधावर उभं राहून त्यांनी एकदाच श्वास घेतला.

"इथं गाय सोडता?"

"गवत चांगलं आहे," आढाव म्हणाले.

"इथं सोडू नका. इथला चारा नको, पेंढा नको, पाणी तर नकोच. नक्की कशाने झालं ते मी सांगू शकत नाही, पण माझी गाय असती तर मी तिला इथं फिरकू दिलं नसतं. आणि तुम्हीही इथलं काही खाऊ नका."

त्याच दुपारी आढावांनी तांबूला घरामागे बांधलं. नाल्याच्या बाजूने काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं, हात रक्ताळेपर्यंत घातलं, म्हणजे चुकूनसुद्धा गाय तिकडे जायला नको.

"जनीला सांगायला हवं," फांद्या पुढे करत माई म्हणाल्या.

"सांगतो."

सांगायचं त्यांच्या खरंच मनात होतं. पण जनीला सांगितलं की वाडीला कळणार, वाडीला कळलं की गावाला, आणि गावातून ते अंबरनाथला पोचायला दोन रविवार पुरे. मग मंडळीतल्या बायका विचारणार, आढाव, त्याच शेतातला ना आमचा तांदूळ? बाकीचं शेत उंचावर होतं, विहिरीच्या पाण्यावर होतं, तिथल्या दाण्यात काही दोष नव्हता. पण हे कुणाकुणाला पटवत बसणार? आणि दुसरं म्हणजे, चर्चच्या पाळकसाहेबांनी ठरवून टाकलं होतं की यंदा कापणीच्या दिवशी मंडळीला घेऊन चामटोलीला यायचं आणि आढावांचा कोपरा सगळ्यांना दाखवायचा. तीसएक माणसं येणार होती. अशा वेळी कोपरा बदलला तर कारण सांगावं लागलं असतं. कोपरा सोडलाच नाही तर लोक बघायला काय येणार होते?

म्हणून आढावांनी कोपरा सोडला. आणि तो बघायला पाहुणे येणार म्हणून, शिवाय तिथलं आपण खाणार नाहीच म्हणून, नेहमीच्या दुप्पट सोडला.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी टेम्पो भरून माणसं आली. ढोलकी होती, झांजा होत्या, गाणी झाली. पाळकसाहेबांनी बांधावर उभं राहून सांगितलं की विश्वास बोलण्यात नसतो, तो असा जमिनीत दिसतो. सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. एकदोघांनी वासाने नाक मुरडलं आणि कारखान्यांना नावं ठेवली. मग विहिरीकडच्या सावलीत जेवणं बसली, विहिरीकडच्या तांदळाची.

जनी आणि बकुळा कडेला थांबल्या होत्या. पाहुणे जेवायला गेल्यावर त्या विळे घेऊन कोपऱ्यात उतरल्या. बकुळाला दिवस गेले होते. वाकताना ती एक हात कमरेवर ठेवत होती. आढाव जेवण सोडून त्यांच्याकडे गेले. आता सांगायचं, ताबडतोब सांगायचं, असं ठरवूनच गेले.

"सायेब, तुमच्या देवाचं भलं होवो," जनी हसून म्हणाली. "आवंदा कोपरा लय मोठा सोडलात."

"जनी..."

"काय सायेब?"

मागून पाळकसाहेबांनी हाक मारली, "आढाव, या ना, तुमच्यावाचून अडलंय." तीस माणसं पत्रावळीवरून मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. कौतुकाने बघत होती.

"पेंढाही घेऊन जा," आढाव म्हणाले आणि परतले.

मार्च महिन्यात बकुळाचे दिवस भरले आणि मूल मेलेलं जन्मलं. मुलगी होती. माईंना ही बातमी शंकररावांच्या घरी कळली. त्या घरी आल्या, चप्पल न काढताच ओट्यावर बसल्या आणि त्यांनी ती आढावांना सांगितली. आढाव शेंगा सोलत होते. ते सोलतच राहिले.

कशाने झालं ते कुणी सांगितलं नाही, सांगणारं कुणी नव्हतंच. बकुळा जानेवारीपासून वीटभट्टीवर जात होती, डोक्यावरून विटा वाहत होती. अंगात रक्त नव्हतं. हे सगळं आढावांनी माईंना दोन दिवस पुन्हा पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी सांगायचं सोडलं, आणि जेवायचंही जवळजवळ सोडलं.

रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची, आपला अनुभव सांगायचा आहे का. आढाव उभे राहिले. लोक सरसावून बसले, कोपऱ्याची गोष्ट ऐकायला मिळणार म्हणून. आढावांनी सगळं सांगितलं. कोपरा का बदलला, डॉक्टर काय म्हणाले, आपण काय लपवलं, त्या पोरीचं काय झालं. मधेच त्यांना रडू कोसळलं. पुरुष माणूस चर्चमध्ये असा हमसून रडताना कुणी पाहिला नव्हता. पाळकसाहेब खाली उतरून आले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली. आढाव, प्रभूने तुमची क्षमा केली, ते म्हणाले, आणि मंडळीकडे वळून म्हणाले, एवढी नम्रता आपल्यापैकी किती जणांत आहे? बायकांनी डोळे पुसले. बाहेर आल्यावर एकेकाने त्यांचा हात हातात घेतला. सलाम आढाव, मोठं मन लागतं याला.

त्यांच्याकडून तांदूळ नेणारा मंडळीतला एक ऑफिसर मात्र त्यांना जरा बाजूला घेऊन गेला आणि त्याने हळूच विचारलं, "आमच्या पोत्यातलं विहिरीकडचंच होतं ना?"

"हो."

"मग काही नाही."

बदलापूर स्टेशनवरून चामटोलीकडे येताना आढावांना कित्येक दिवसांनी भूक लागली होती. रिक्षात ते म्हणाले, "ओझं उतरलं बघ."

माई बाहेर बघत होत्या. "ज्यांना तुम्ही सांगितलंत, त्यांच्यापैकी कुणी तो भात खाल्ला होता?"



सोमवारी सकाळी आढावांनी विहिरीकडच्या तांदळाचं अर्धं पोतं खांद्यावर घेतलं आणि ते कातकरवाडीत गेले. वाटेत दम खायला दोन ठिकाणी बसावं लागलं. जनी झोपडीच्या दाराशी बसून सुपात तांदूळ निवडत होती. आत बकुळा कुडाला टेकून बसली होती, तिचे पाय पुढे लांब केलेले, नजर कुठेच नव्हती. सुपातला तांदूळ कुठला ते आढावांना वासावरून कळलं.

त्यांनी पोतं खाली ठेवलं. बसायला कुणी सांगितलं नव्हतं तरी ते जमिनीवर बसले.

"जनी, त्या कोपऱ्यातलं खाऊ नका. नाल्याच्या पाण्याने ते भात खराब झालंय. मला माहीत होतं."

जनीचा हात सुपात थांबला. "कवापासनं?"

कालच कळलं, असं म्हटलं असतं तर जनीने विश्वास ठेवला असता. आढावांनाही ते माहीत होतं. एवढ्या सगळ्यात त्यांनी केलेली चांगली गोष्ट हीच, की त्यांनी तसं म्हटलं नाही.

"सप्टेंबरापासून. पावसाळ्यात आमची गाय गाभडली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, तिथलं काही खाऊ नका म्हणून."

"मंग?"

"मग गाय घरामागे बांधली."

जनीने हे ऐकलं आणि ती थोडा वेळ हिशेब लावत बसली, पावसाळा, कापणी, भट्टी. आतून बकुळाही बघू लागली.

"गाय बांधलीत," जनी म्हणाली.

"हो."

"आन आमाला कोपरा दुप्पट सोडलात."

आढावांनी मान खाली घातली. शिव्या ऐकायची तयारी करून ते आले होते, सोमाने, जनीच्या पोराने, हात उगारला तर मार खायचीही. सोमा भट्टीवर गेला होता. जनीने शिव्या दिल्या नाहीत.

"मला क्षमा कर," ते म्हणाले.

 जनीने पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर तांदूळ काढून नाकाशी नेला आणि परत टाकला. "ह्ये चांगलं हाय?"

"विहिरीकडचं आहे. आम्ही तेच खातो."

"ठेवा. बकुळाला लागंल." मग तिने आत कोपऱ्यात ठेवलेल्या, भात साठवायच्या काणगीकडे हात केला. काणगी अर्धी भरलेली होती. "आन ह्याचं काय करू? ह्ये टाकलं तर पावसापतर काय खायाचं?"

"मी आणतो. घरात आहे तेवढं सगळं आणतो. आजच आणतो. देवाने..."

"आना," जनी मधेच म्हणाली. "पन देवाचं नाव घिऊन नका आनू."

बकुळा कुडाचा आधार घेत उठली. सासूच्या मांडीवरचं सूप तिने उचललं आणि दाराबाहेर जाऊन झटकून टाकलं. आजूबाजूच्या कोंबड्या पंख फडफडवत धावत आल्या. बकुळा त्यांच्यावर ओरडली, मातीची ढेकळं फेकू लागली. आढाव उठले आणि तेही दोन्ही हात हलवत कोंबड्या हाकलू लागले.