चौकटीतली ओळ

डस्टर लाकडी होता. सरांनी फेकलेला तो ताईंच्या कपाळावर आपटला आणि भुवईवरून रक्ताची धार लागली.

“पुन्हा बोल!” सर गरजले. “अकरा वर्षांचं माझं काम चूक?”

“चूकच आहे, सर.”

मी भौतिकशास्त्र विभागाचा शिपाई. सव्वीस वर्षं फळा पुसतोय. वाण नाही पण गुण लागला. रिकाम्या जागेवर विजेचा जबर जोर लावला की तिच्यातून कणांची जोडी फुटून निघते, एवढं मलाही कळतं. सरांच्या गणितातली जागा लाकडासारखी, रेषेच्या बाजूने चटकन फुटणारी, आडवी चिवट. हिशोब मात्र एक मिती जास्त असलेल्या जगात करायचा. तिथे त्या दोन कणांना जोडणारी दोरी लोंबते. सरांनी विजेची दिशा बदलली आणि दोरी वळवायचीच विसरले, त्यामुळे उत्तर उलटं आलं. सरांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या ताईंना ते आज सापडलं, आणि दोघांचा लेख आजच छापायला जायचा होता.

“लेखातून तुझं नाव कापलं! पदवीही विसर!” सरांनी त्यांचा दंड पिरगाळून त्यांना भिंतीवर आपटलं. त्या पदवीसाठी ताईंची सहा वर्षं गेली होती. त्यांनी हिसडा मारून सरांना ढकललं. टेबल उलटलं, कप फुटले. मी मध्ये पडलो तर सरांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं, दात हलला. वीस वर्षं ज्यांचा डबा मी उघडून दिला, त्यांची मला किळस आली.

ताई फळ्याशी गेल्या. रक्ताळल्या हाताने त्यांनी दुरुस्त ओळ लिहिली, भोवती चौकट काढली. लाल ठसे उमटले. आमच्याकडे चौकटीतलं कुणी पुसत नाही. नियम सरांनीच घातलेला.

“पूस ते,” सर मला म्हणाले.

“नाही पुसणार.”

“नोकरी जाईल!”

“जाऊ द्या. चौकट आहे, सर.”

त्यांनी स्वतःच डस्टर उचलला. हात फळ्यापर्यंत गेला आणि थांबला. ते ओळ वाचत होते, ओठ हलत होते. पुन्हा पहिल्यापासून वाचली. डस्टर हातातून पडला. मग त्यांनी खडू घेतला आणि चौकटीखाली पुढची ओळ लिहू लागले. ताईंकडे पाहिलं नाही.

“वजा राहिला,” कपाळावर रुमाल दाबून ताई म्हणाल्या.

सरांनी वजा घातला.

मी फडकं भिजवून आणलं आणि फरशीवरचं रक्त पुसलं. फळ्यावरचं तसंच ठेवलं.