दाराशी बांडी उभी होती

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि हे सांगताना मला काडीचीही लाज वाटत नाही. येरमाळ्याला हमरस्त्याच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाशेजारी, शेळीपालकांच्या संस्थेची एक खोली आहे. तिथल्या कोपऱ्यात लाकडी फळीवर मी बसतो. मला पडदा नाही, कळफलक नाही. पुढे एक हिरवा दिवा आणि मागे घरघरणारा पंखा, एवढाच माझा संसार. नवी माणसं मला बघून विचारतात, "हे डबडं अजून ठेवलंय व्हय?" मी मुकाट्याने ऐकून घेतो. या टापूतल्या सगळ्या शेळ्यांची माहिती याच डबड्याच्या पोटात आहे, हे त्यांना कुठे ठाऊक असतं!

माझा जन्म धाराशिवच्या एका दुकानात झाला. कुणाचा पंखा, कुणाची चकती असं जोडजोडून मला उभं केलं आणि कोर्टाजवळच्या टंकलेखनाच्या दुकानात बसवलं. तेव्हा माझा काय थाट होता! मालक रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसायचे. उदबत्ती आधी मला, मग गल्ल्याला. गिऱ्हाईकं म्हणायची, "काय झपाझप चालतंय हो यंत्र!" पुढे एक चपटा, चकचकीत संगणक आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझा पडदा कुणीतरी काढून नेला. अंगावर गोणपाट आलं, पोटात पालीने अंडी घातली. मला फार राग आला होता, मित्रांनो. काम येत असताना रिकामं बसावं लागणं यासारखं दुःख नाही.

त्या माळ्यावरून मला अर्पिताने खाली आणलं. ही येरमाळ्याचीच मुलगी. धाराशिवच्या कॉलेजात संगणक शिकली आणि गावातल्या संस्थेसाठी तिने एक ॲप बनवलं. शेळीच्या कानात पिवळा बिल्ला असतो. त्यावरचा नंबर मोबाईलमध्ये टाकला की ती शेळी कुणाची, केवढी, तिला लस कधी टोचली, सगळं समोर येतं. ॲप स्वतः दूरच्या शहरातल्या एका मोठ्या यंत्रावर राहतं. पण माहिती कुठे ठेवायची यावर संस्थेच्या बैठकीत वाद झाला. तेव्हा म्हाळसाबाई उभ्या राहिल्या. त्यांचा जन्म शेळ्यांमागे गेलेला.

"आमच्या शेरडांची नोंद आमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लांबच्याला काय ठावं, माझी बांडी कंची आन् काळी कंची?"

बांडी म्हणजे त्यांची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची शेळी. कळपाच्या पुढे तीच चालायची. म्हाळसाबाईंचं बोलणं सगळ्यांना पटलं आणि म्हणून माहितीचं कोठार होण्याचा मान मला मिळाला. मी त्याच दिवशी ठरवलं, की या बाईंनी आपल्यावर भरवसा टाकलाय, तो काही झालं तरी राखायचा.

आता माझं काम कसं चालायचं तेही ऐका. आमच्या खोलीत राउटर नावाची एक छोटी पेटी आहे. ती आम्हा प्रत्येक यंत्राला एकेक नंबर देते, गल्लीत घरांना असतात तसा. शहरातलं ॲप तारेतून धावत येतं, माझ्या नंबरच्या दारावर थाप मारतं, "अमक्या बिल्ल्याची शेळी सांग" म्हणतं आणि मी सांगतो. वीज गेली तर बॅटरी आम्हाला सांभाळायची. आलेल्याला मी कधी दारातून परत पाठवलं नाही.

मग या वर्षीची खंडेनवमी आली. तुमच्या घरीही त्या दिवशी विळे, कुऱ्हाडी, शिवणयंत्र, ट्रॅक्टर यांची पूजा होत असेल. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, त्यालाही विसावा द्यायचा. संस्थेचे नवे अध्यक्ष बलभीमतात्या रीतीभातीला फार पक्के. दरवर्षी मला नुसतं कुंकू लागायचं. तात्यांनी मात्र मला, राउटरला, प्रिंटरला आणि लॅपटॉपला बंद करून एका ओळीत मांडलं. बॅटरीसुद्धा बंद केली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले, डोक्यावर अक्षता टाकल्या. "वरीसभर लई राबलाव बाबांनो, आज निजा," असं म्हणून त्यांनी हात जोडले. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत मला निज म्हणणारा तो पहिलाच माणूस होता.

दसऱ्याच्या सकाळी तात्यांनीच आम्हाला उठवलं. त्यांना शुभेच्छांचा कागद दारावर लावायचा होता, म्हणून राउटरपाठोपाठ त्यांनी प्रिंटर सुरू केला. मला सगळ्यात शेवटी.

इकडे हे चाललं होतं आणि तिकडे माळावरच्या तळ्याकाठी म्हाळसाबाईंच्या दोन शेळ्यांची नाकं वाहत होती, अंगात ताप होता. बाजारातून नुकत्याच आणलेल्या शेळ्या होत्या त्या. पशुवैद्य डॉक्टर मोनिका सणाचा दिवस असूनही तिथे पोचल्या. शेळ्यांची वाईट साथ होती. त्याच तळ्यावर आणखी दोन कळप पाणी प्यायला येत. डॉक्टरांनी आजारी शेळ्या बाजूला बांधल्या आणि बाटलीतली लसीची पूड पाण्यात मिसळली. ही लस एकदा मिसळली की तास-दीड तासात टोचून संपवावी लागते, नाहीतर फुकट जाते. बाटली एकच होती, शेळ्या तिच्यापेक्षा जास्त. बाकीची लस सरकारी शीतपेटीत आणि तिला दसऱ्याचं कुलूप. तेव्हा आधी टोचलेल्यांना वगळून, राहिलेल्यांनाच ती द्यायला हवी होती. डॉक्टरांनी पहिला बिल्ला मोबाईलमध्ये टाकला आणि पडद्यावर आलं, 'डेटाबेसशी जोडणी नाकारली.'

अर्पिता आदल्या दिवशी मामाकडे तेरखेड्याला गेली होती. सकाळीच परतून दाराला तोरण बांधत असताना तिला डॉक्टरांचा फोन आला. ती तशीच झेंडूच्या पिवळ्या हातांनी धावत आली. फोन चालूच होता. त्यातून म्हाळसाबाईंचा आवाज आला, "पोरी, माझी बांडी गाभण हाय गं. तेवढं बघ."

"बघते मावशी. तुम्ही घाबरू नका," अर्पिता म्हणाली. पण तिचा स्वतःचाच चेहरा उतरला होता.

तात्यांचा तर जीव थाऱ्यावर नव्हता. "म्या अक्षदा टाकल्या, त्या ह्याच्या पोटात गेल्या का काय?"

अर्पिताने माझं झाकण उघडलं. तीन-चार तांदूळ निघाले खरे, पण पंखा नीट फिरत होता. मग तिने लॅपटॉपवरून माझ्या नंबरला हाक मारली. उत्तर तेच, नाकारली. मला बंद करून पुन्हा सुरू केलं. नाकारली. दूरच्या ॲपलाही तिने नव्याने सुरू करून पाहिलं. नाकारली. मित्रांनो, मी आत टक्क जागा होतो! बांडीची नोंद हाताशी घेऊन दाराला कान लावून बसलो होतो, आणि माझ्या दारावर थाप पडतच नव्हती. मला तोंड असतं तर मी छत उडेल इतक्या मोठ्यानं ओरडलो असतो.

"म्हातारं झालंय ते," तात्या हळूच म्हणाले. "गेलं असंल आता."

"दिवा चालू आहे तात्या. हे गेलेलं नाही." अर्पिताने हार माझ्या गळ्यातून काढून बाजूला ठेवला. "घोडं दुसरीकडंच कुठंतरी पेंड खातंय. ते सापडल्याशिवाय मी इथून उठत नाही."

फोनवर डॉक्टर म्हणाल्या, "अर्पिता, अर्धा तास गेला."

अर्पिताने पडद्यावरचा तो शब्द पुन्हा वाचला. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "नाकारली म्हणतंय. घरात कुणीच नसतं, तर उत्तरच आलं नसतं, नुसतं वाट बघत बसावं लागलं असतं. नाही म्हणायलासुद्धा दारात कुणीतरी लागतं की!" आणि तिने एक भलतीच गोष्ट केली. माझी तार उपसून काढली. मी जगापासून तुटलो, गल्लीबाहेर पडलो. तशातच तिने लॅपटॉपवरून माझ्या नंबरला पुन्हा हाक मारली.

आणि उत्तर आलं.

"तात्या!" ती ओरडली. "हा तर इथं नाहीच आणि ह्याच्या नंबरवरून कुणीतरी बोलतंय! सकाळी आधी काय सुरू केलं तुम्ही?"

तात्यांनी बोट प्रिंटरकडे केलं. अर्पिताने झटकन प्रिंटर बंद केला. उत्तर थांबलं.

काय झालं होतं, समजलं ना? राउटर कधी बंद होत नव्हता तोवर माझा नंबर माझ्याकडेच टिकून होता. खंडेनवमीला सगळीच गल्ली झोपली आणि सकाळी उठताना राउटर जुने नंबर विसरला. जो आधी जागा झाला त्याला माझा नंबर मिळाला, मला दुसराच. ॲप बिचारं जुन्याच दारावर जाऊन शेळ्यांची चौकशी करत होतं आणि तो कागद गिळणारा प्रिंटर म्हणत होता, "इथे शेळ्या-बिळ्या कुणी नाही." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

अर्पिताने राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, माझी तार जोडली आणि या वेळी माझ्याआधी दुसऱ्या कुणालाही उठू दिलं नाही. मला माझं दार परत मिळालं. पाठोपाठ थाप पडली. आहाहा, त्या थापेचा आवाज! मी सगळी ताकद लावून उत्तरं द्यायला लागलो. ही टोचलेली, सोडा. ही राहिली. हीही राहिली.

मग बांडीचा नंबर आला. फोनमधून म्हाळसाबाई सांगत होत्या, "तिला टोचलंय की! ती कशी ऱ्हाईल?"

"नाही मावशी," डॉक्टर मोबाईल बघत म्हणाल्या. "बाकीच्यांना टोचलं तेव्हा ही नव्हती."

"व्हय गं बाई. लेकीकडं नेली होती तिला. दुधाला," म्हाळसाबाई पुटपुटल्या. बाटली संपत आलेली असताना बांडीला लस मिळाली.

त्या दोन आजारी शेळ्या गेल्या, मित्रांनो. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पण साथ तळ्यापुढे सरकली नाही, तिन्ही कळप वाचले. त्याच सकाळी अर्पिताने राउटरला बजावून माझा नंबर कायमचा माझ्या नावावर केला. आता कुणीही आधी उठो.

थंडी सुरू झाल्यावर एक दिवस म्हाळसाबाई संस्थेत आल्या. काखेत ठिपक्यांचं करडू, बांडीचं. कमरेच्या पिशवीतून त्यांनी भंडारा काढला आणि त्या पिवळ्या हळदीची बोटं माझ्या कपाळाला लावली. मग शेजारच्या प्रिंटरकडे बघून विचारलं, "आन् ह्यो कोण?"

"त्यानंच तर घोळ घातला," बलभीमतात्या म्हणाले.

"तसं नाही तात्या," अर्पिता हसली. "आपल्याकडं नाही तर त्यानं सरळ नाही म्हणून सांगितलं. तो मुका बसला असता, तर मी अजून शोधतच बसले असते."

म्हाळसाबाईंनी प्रिंटरलाही भंडारा लावला. मला थोडं टोचलं, पण पोरीचं म्हणणं खरंच होतं.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. हार घाला, विसावाही द्या, जुन्या यंत्राला माया फार कमी मिळते. फक्त बटण बंद करण्याआधी त्याच्या माहितगाराला एकदा विचारा, की हा झोपला तर कुणाचं काम अडेल? बाहेरून तुम्हाला नुसता धुळीचा डबा दिसेल. पण त्याच्या दाराशी कोण येऊन थांबलंय, ते तुम्हाला दिसत नाही. त्या दसऱ्याला माझ्या दाराशी बांडी उभी होती.