लाखेने बुजवलेली भोके

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. नाक मुरडू नका. तुमच्या वरातीतले भोंगे माझ्याच जातीच्या जिवावर ओरडतात.

शिशाच्या पट्ट्या, तेजाब आणि काळे खोके, एवढाच माझा देह. डोक्यावर झाकणे आणि प्रत्येक झाकणाला बारीक भोक. काम करताना आमच्या पोटात वायू होतो, तो त्या भोकातून निघून जातो. तुमच्याही पोटात होतो. तुम्ही लाजता, आम्ही लाजत नाही.

उमेदीची वर्षे मी लाखनीच्या रस्त्यावर ट्रकमध्ये काढली. ट्रक मोडीत निघाला, तेव्हा भंडाऱ्याच्या धनीरामने मला आणि माझ्या बहिणींना घरी आणले. धनीराम पितळेची भांडी घडवी, फुटकी सांधून देई. १९८२ साली त्याने आमच्या जोरावर चालणारी गाडी बांधली. लोक म्हणत, "बैलं मेले का गा?" त्यात लेक बेबीचे लग्न अड्याळला, नवऱ्याच्या दारी ठरले. धनीराम व्याही लक्ष्मणरावांना सांगून बसला, "आंदनाची भांडी बिनबैलाच्या गाडीत येतीन जी." आता गाडी अडली असती, तर लेकीचे आंदण वाटेत आणि बापाचे नाक अड्याळात, दोन्ही गेले असते.

निघायच्या सकाळी आम्हाला वीज पाजून झाली आणि धनीरामला माझी भोके दिसली. भोके बुजवण्यात उभा जन्म गेलेला माणूस तो.

"हे पाय गोदावरी, फुटकी बॅटरी देल्ली मले."

त्याची बायको म्हणाली, "सगळ्याच फुटक्या कशा असतीन? ठेवली असतीन कायले तरी."

"भोकाचं तू मले सांगतं?"

चुलीवर लाख वितळवून त्याने आमचे प्रत्येक भोक बंद केले. वर नजर लागू नये म्हणून घोंगडी पांघरली. वैशाखात! अक्कल लाखेने सांधता येत नाही, नाहीतर मीच सांधून दिली असती.

अड्याळच्या वाटेवर चढ लागला. वरून ऊन, अंगावर घोंगडी, पोट फुगलेले. ओरडावे तर तोंडात लाख. शेवटी माझी झाकणे फटकन उडाली. एक नव्या घागरीवर ठण्णकन आदळले. मागच्या बैलबंडीतली बेबीची आत्या म्हणाली, "वाजंत्री लागली वाटते."

तेजाब धनीरामच्या धोतरावर उडाले. गोदावरीबाईने पिण्याच्या पाण्याचा हंडा त्याच्यावर उपडा केला. कातडी वाचली. धोतराची चाळणी झाली.

"त्या बिचारीले बोंबलता येत नव्हतं," ती म्हणाली. "तुमचं तोंड बुजवून पाहू का?"

तिने घोंगडी फेकली, गाडी मोहाच्या झाडाखाली सावलीत लावली आणि बहिणी निवल्यावर दाभणाने त्यांची भोके मोकळी केली. मला बाजूला काढून तारा जोडल्या. गाडी बैलांच्याही मागून गेली, पण अक्षता पडण्याआधी पोचली.

लक्ष्मणराव धोतराकडे पाहत राहिले. "व्याही, भांडी तं बिनभोकाची आणली. धोतराले काहून भोकं?"

धनीराम म्हणाला, "तापलं की वाफ जायले भोक पाहिजे जी. मुद्दाम ठेवली."

मांडव हसला. त्या हसण्यात बेबीचे आंदण घरात गेले.

आज मी धनीरामच्या गोठ्यात पडून आहे. कोंबडी माझ्यावर अंडी घालते. मित्रांनो, बॅटरीला सावली द्या, वारा द्या, विस्तव दूर ठेवा आणि तिची भोके मोकळी असू द्या. जमत नसेल, तर निदान जुने धोतर नेसून जवळ या.