पावाच्या पोटातला ठसा

मित्रांनो, पाव खाताना त्याच्या पोटात काय दडले असेल याचा विचार तुम्ही करत नाही. करूही नये. पण मी एक जुना, नासपतीच्या लाकडाचा ठसा आहे आणि एकदा मी स्वतः पावाच्या पोटात बसून भट्टीत जाऊन आलो आहे. तेव्हापासून कुणी काडी ओढली तरी माझ्या अंगावर काटा येतो. तसा मी मुळातच भित्रा. शौर्याची गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आधीच सांगून ठेवतो, ती माझ्याकडे नाही.

अल्बेनियाच्या दक्षिणेला, कोर्चा शहराच्या वरच्या डोंगरात आमचे गाव आहे. तिथल्या हरालाम्ब नावाच्या सुताराने मला कोरले आणि आपल्या मुलीला लग्नात आंदण दिले. मुलीचे नाव पोलिक्सेनी. मी तळहाताएवढा आणि गोल. माझ्या मधोमध एक चौकोन, त्यात क्रूस आणि क्रुसाच्या चार कोपऱ्यांत अक्षरे. त्यांचा अर्थ, ‘येशू ख्रिस्त जिंकतो’. चौकोनाच्या एका बाजूला त्याच्या आईसाठी, मरियेसाठी, एक मोठा त्रिकोण आणि दुसऱ्या बाजूला देवदूतांसाठी आणि संतांसाठी नऊ छोटे त्रिकोण. कोरताना हरालाम्बच्या हातून एका त्रिकोणाचे टोक उडाले. तो म्हणाला, “असू दे. संतसुद्धा सगळे धड नव्हतेच.”

माझे काम आठवड्यातून एकदाच असे. शनिवारी पोलिक्सेनी देवळासाठी पाव करायची. कणीक दोन थरांत, एकावर एक, कारण ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही एकाच ठिकाणी, असे आमच्याकडे मानतात. वरच्या थरावर ती मला दाबायची, मग काडीने चार भोके पाडायची म्हणजे माझी नक्षी फुगून जात नसे. रविवारी पापा लिगोर, म्हणजे आमचे पुरोहित, तो मधला चौकोन छोट्या सुरीने कापून काढत. प्रार्थनेनंतर तो साधा पाव राहत नसे, ख्रिस्ताचे शरीर होत असे. द्राक्षारसात भिजवलेला त्याचा कण चमच्याने सगळ्यांना मिळे. उरलेल्या पावातून पापा एकेका नावाने एकेक कण काढत. लोक कागदावर दोन रांगांत नावे लिहून देत, एक रांग जिवंतांची, एक मेलेल्यांची. अशा रीतीने दर रविवारी एका ताटलीत सगळे गाव जमायचे, स्मशानातलेही.

पापा लिगोर पाव न्यायला स्वतः येत आणि भट्टीपाशी गप्पा मारत बसत. मला जो काही धर्म कळतो तो त्या गप्पांतूनच.

“पोलिक्सेनी, आपला धर्म सुरू कुठे झाला ठाऊक आहे?” एकदा त्यांनी विचारले.

“गोठ्यात. येशू जन्मला तिथं. एवढं तर माझ्या बकरीलाही ठाऊक आहे.”

“गोठ्यात तो जन्मला. धर्म सुरू झाला बंद दाराआड. वैऱ्यावरही प्रेम करा, असं सांगत तो गावोगाव फिरला, तर त्यालाच क्रुसावर खिळे ठोकून मारलं. आणि त्याचे ते शिष्य? दाराला कडी लावून बसले होते, भीतीनं थरथरत. तिसऱ्या दिवशी तो उठला आणि त्या भित्र्यांमध्ये येऊन उभा राहिला. म्हणाला, तुम्हाला शांती असो. शूर माणसं त्याला मिळाली नाहीत, म्हणून त्यानं आपल्यावरच भागवलं.”

हे ऐकून मला मोठा धीर आला होता.

पुढे तीनशे वर्षे रोमच्या राज्यात हे लोक लपून राहिले, एकमेकांना ओळखायला मातीत मासा काढत. मग सम्राटानेच हा धर्म धरला आणि लपणाऱ्यांच्या हाती दरबार आला. “ते काही फार मानवलं नाही आपल्याला,” पापा म्हणत. मग पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे वेगळे झाले. रोमच्या पोपांचे सगळ्यांनी ऐकायचे का, हा मोठा वाद, पण भांडण चक्क पावावरूनही झाले. त्यांचा पाव बिनखमिराचा, आमचा फुगलेला. पुढे पश्चिमेतही फूट पडली आणि आमच्यावर पाचशे वर्षे तुर्की सुलतानाचे राज्य आले. त्यातूनही पाव फुगतच राहिला. मला वाटले, आता आणखी काय व्हायचे राहिले आहे?

मित्रांनो, असे कधी म्हणू नये.

पोलिक्सेनी म्हातारी झाली त्या सुमारास कम्युनिस्ट सरकारने देवावरच बंदी घातली. एका धर्मावर नव्हे, सगळ्यांवरच. देवळाचे कोठार झाले, त्यात सहकारी शेतीचा मका भरला. पापा लिगोरांची दाढी चौकात सगळ्यांसमोर कापली आणि त्यांना सहकारी शेतीच्या बकऱ्या राखायला लावले. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा नाही, थडग्यावर क्रूस लावायचा नाही, ईस्टर पाळायचा नाही. ज्याच्या घरी मूर्ती, चित्र किंवा माझ्यासारखे काही सापडेल त्याची रवानगी तुरुंगात. आणि एकट्याची नाही. घराला बट्टा लागला की मुलाची नोकरी आणि नातवंडांची शाळाही गेली. पोलिक्सेनीचा मुलगा थानास ट्रक चालवत असे. मी सापडलो तर तो थेट खाणीत जाणार होता.

मला पिठाच्या पेटीच्या तळाशी ठेवले होते. तिथे अंधारात पडून मी रोज पावले मोजत असे. थानासची बायको ल्युमे पीठ काढायला आली की तिचा हात मला लागायचा आणि ती चटका बसल्यासारखा मागे घ्यायची.

“आई, मी पाया पडते, हे जाळून टाका,” ती म्हणायची.

“माझ्या बापानं कोरलंय ते.”

“तुमचे वडील गेले सुटून. खाणीत जायचंय ते माझ्या नवऱ्याला.”

तिचे काही चुकत नव्हते. मी ठसा नसतो, तर मीही तेच म्हटले असते.

बंदीच्या तिसऱ्या वर्षी पोलिक्सेनीने एक चूक केली. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी आमच्याकडे अंडी लाल रंगवतात, थडग्यातून उठलेल्या ख्रिस्ताच्या नावाने. तिने कांद्याच्या सालींत तीन अंडी रंगवली आणि बागेत वाफ्याखाली पुरून ठेवली. हात धुतले, राखेने घासले. पण नखांच्या कडेला रंग राहिला. शुक्रवारी धान्यवाटपाच्या रांगेत तिने पिशवी पुढे केली आणि शहरातून आलेल्या तपासनिसाची नजर त्या नखांवर थांबली. त्याने नुसते नाव विचारून घेतले.

शनिवारी दुपारी पोलिक्सेनी पाव करायला बसली. रविवारी पहाटे पापा लिगोर बकऱ्यांच्या वाड्यात प्रार्थना करणार होते, त्यासाठी हा पाव होता. अंगणातली भट्टी तापली होती. दोन पाव थापून झाले होते. तिने मला पिठातून काढून हातात घेतले, तेवढ्यात ल्युमे धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कोचो येतोय. बरोबर तो शहरातला आहे. आई, भट्टीत टाका ते. आत्ताच्या आत्ता.”

कोचो म्हणजे गावातल्या तुकडीचा प्रमुख. कोण कामाला आले, कोण नाही, कुणाच्या घरून धूर निघाला, हे सगळे त्याने वर कळवायचे. पोलिक्सेनीने भट्टीकडे पाहिले. भट्टीचे तोंड मला दिसत होते, आत निखारे लाल झाले होते. मला ओरडता आले असते तर मी सगळे गाव गोळा केले असते. पण तिने मला भट्टीत टाकले नाही. तिने एक पाव उलटा केला, बोटांनी पोट उघडले, मला आत कोंबले आणि वरून कणीक चिमटून टाकली. ते गेले की बाहेर काढू, असा तिचा विचार होता.

आता मला दिसत काही नव्हते, ऐकू मात्र येत होते.

“या, कोचो. बसा, कॉम्रेड,” पोलिक्सेनी म्हणाली.

“नखं दाखवा, मावशी,” कोचोचा आवाज आला. “साहेबांना बघायचीत.”

“लोकर रंगवली होती रे.”

“कुणाच्या मेंढीची?” शहरातल्याने विचारले. “मेंढ्या तर सगळ्या सहकारी शेतीच्या. तुमच्याकडे लोकर आली कुठून?”

खरे सांगितले तर ख्रिस्ताचा गुन्हा, खोटे सांगितले तर लोकरीचा. ल्युमे पटकन म्हणाली, “माझा जुना स्वेटर उसवलाय.” मग पेट्या उघडल्याचे आवाज आले, गाद्या उलटल्याचे, पिठाची पेटी उपडी केल्याचे. ती पेटी माझे घर होती. अर्ध्या तासापूर्वी मी तिथेच होतो.

काही सापडले नाही. आता जातील, असे मला वाटले. तेव्हा शहरातला म्हणाला, “भट्टी तापलीय आणि पाव नुसतेच ठेवलेत. घाला की आत. आम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही.”

आमच्याकडे दारी आलेल्याला पाव आणि मीठ दिल्याशिवाय जाऊ देत नाहीत, मग तो वैरी का असेना. पोलिक्सेनीने फळीवर दोन्ही पाव घेतले. माझ्याखालची फळी सरकली आणि भट्टीचे दार बंद झाले.

मित्रांनो, त्या तासाबद्दल मला फार सांगता येत नाही. पाव माझ्याभोवती फुगत गेला आणि घट्ट होत गेला. वाफ माझ्या रेषांत शिरली. मग अंगातून कडकन आवाज आला आणि मला काठापासून मधल्या क्रुसापर्यंत तडा गेला. जळालो नाही, कारण पावाने मला निखाऱ्यांपासून वाचवले. पण मला तेव्हा एवढेच कळत होते की आतल्या आत मरायचे आहे, आणि तेही आवाज न करता.

पाव बाहेर निघाले. “द्या इकडे, मीच कापतो,” कोचो म्हणाला आणि त्याने नेमका माझा पाव उचलला. बुडावर बोटाने टकटक केले. भाजलेला पाव पोकळ वाजतो. माझा ठप्प वाजला. त्याने पुन्हा टकटक केले. त्याला काहीतरी कळले असणार. खेडेगावातच वाढलेला तो, पावाचे वजन त्याच्या हाताला ठाऊक होते.

आणि मग सुरीचे टोक माझ्याखालच्या कवचावरून फिरले. आधी उभे, मग आडवे.

तो क्रूस होता. पाव कापण्याआधी त्याच्या बुडावर सुरीने क्रूस काढायचा, ही आमच्या घराघरांतली सवय. कोचोने ती आईच्या मांडीवर बसून पाहिली असणार. डोक्याने सोडली होती, हाताने नव्हती.

सुरी जागच्या जागी थांबली आणि पावावरचा कोचोचा अंगठा कवचात रुतला. इतका वेळ या घरात तिघे घाबरलेले होते, मी धरून. आता चौथा झाला. शहरातल्याची पावले जवळ आली.

“ते काय केलंस?” त्याने विचारले.

पोलिक्सेनीने नुसते गप्प बसले तरी पुरे होते. ती गप्प राहिली असती तर कोचो संपला असता, आणि त्याने ज्या ज्या घरांची नावे वर कळवली होती त्यांचे उट्टे निघाले असते.

“राख खरवडतोय,” ती म्हणाली. “आमच्या भट्टीत बुडाला राख चिकटते ना. याची आई पण अशीच खरवडायची, उभी आडवी. फार टापटिपीची बाई. याच्यात कुठून आली टापटीप, तेच मला नवल वाटतंय.”

शहरातला हसला. कोचो हसला नाही. त्याने मला अलगद फळीवर ठेवले.

“हा आतून कच्चा राहिलाय,” तो म्हणाला. “दुसरा द्या.”

त्यांनी दुसरा पाव मिठाशी खाल्ला आणि गेले. अंगणातून पावले नाहीशी झाली. मग ल्युमेने माझा पाव हातात घेतला, फोडला आणि मला बाहेर काढले. जाळा म्हणणारी तीच. तिने मला डोक्याच्या रुमालाने पुसले आणि तड्यावर बोट ठेवून ती रडत बसली.

त्यानंतर वीस वर्षे भीती होतीच. कोचो आज गप्प आहे, उद्या बोलला तर? तो रस्त्यात पोलिक्सेनीला दिसला की मान खाली घाली. त्यालाही तेच वाटत असेल. पापा लिगोर वाड्यातच वारले. पोलिक्सेनी वारली, तिला क्रुसाशिवाय पुरले. ती बंदी उठलेली पाहू शकली नाही.

बंदी उठली त्या वर्षी देवळातला मका निघाला आणि ल्युमेने मला पेटीतून काढले. आता माझ्या प्रत्येक पावावर त्या तड्याची रेघ उमटते. नवा तरुण पापा म्हणतो, शहरात छान गुळगुळीत ठसे मिळतात, याला काचेच्या कपाटात ठेवू. मित्रांनो, मला कपाटात ठेवू नका. जुन्या वस्तूवरचा तडा दिसला की फेकायची घाई करू नका. तो कशाने गेला, ते आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि जोवर ती वस्तू काम करते तोवर तिला काम करू द्या.

बंदी उठल्यावरच्या पहिल्या ईस्टरच्या आदल्या दुपारी कोचो काठी टेकत आमच्या अंगणात आला. भट्टी तापलेली पाहून मी नेहमीप्रमाणे घाबरलो. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

“ही नावं पापाला दे, ल्युमे. पावाबरोबर.”

तिने वाचले. मेलेल्यांच्या रांगेत त्याच्या आईचे नाव होते आणि त्याखाली पोलिक्सेनीचे. जिवंतांच्या रांगेत त्याची बायको आणि दोन मुलगे.

“तुमचं राहिलं,” ल्युमे म्हणाली.

“ते राहू दे.”

ल्युमेने कणकेचे हात पुसले, कानामागची पेन्सिल काढली आणि जिवंतांच्या रांगेत सगळ्यांत वर कोचोचे नाव लिहिले. मग तिने मला उचलले आणि पावावर दाबले.