जांगडीचा हिरा

तिसरी अंगठी परत आणायला विनोदिनीबाई स्वतः निपाणीला निघाल्या तेव्हा माघ संपत आला होता. आठवडाभर फळ्यापुढं उभं राहून त्यांच्या पायांना सूज आली होती. रविवार हा एकच दिवस पाय पसरून बसायचा, तोही सर्व्हिस मोटारीत जाणार होता. संकेश्वरला मोटार थांबली, लोक चहाला उतरले, त्या जागेवरून हलल्या नाहीत.

बेळगावात मुलींच्या शाळेत त्या सतरा वर्षं शिकवत होत्या. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, वडिलांनी हट्टानं पुढं शिकवलं. मग वडील गेले, पाठोपाठ आई गेली, आणि त्यांच्याहून सोळा वर्षांनी धाकटी बहीण पद्मजा त्यांच्या पदरात राहिली. तिची वेणीफणी, तिचे आजार, तिची मॅट्रिक, सगळं त्यांनीच केलं. आता तिचं लग्न.

स्थळ चांगलं होतं. मुलगा शरद, चिकोडीच्या कोर्टात नुकती वकिली सुरू केलेला. वडील मारुतीराव यांची निपाणीत तंबाखूची मोठी वखार. मुलगी बघायला आले तेव्हा पद्मजानं आणि शरदनं एकमेकांकडं पाहिलं ते विनोदिनीबाईंनी बघितलं होतं, आणि त्यांच्या मनातली निम्मी काळजी तिथंच संपली होती. मारुतीरावांनी हुंडा मागितला नाही. एवढंच म्हणाले, की जावयाला म्हणून हिऱ्याची अंगठी घाला, गोल पैलूचा हिरा, थोरल्याला होती तशीच. थोरला मुलगा सहा वर्षांपूर्वी पटकीनं गेला आणि त्याची बायको सासरीच राहते, एवढं विनोदिनीबाईंना ठाऊक होतं. जास्त कुणी बोललं नव्हतं.

हिरा सगळ्यांना लाभत नाही असं लोक मानतात. म्हणून घेण्याआधी सात दिवस तो घरात ठेवून बघायचा. कुणाला काही झालं नाही तर ठेवायचा, झालं तर परत करायचा. सराफांनाही हे माहीत असतं. शहापुरातले अंबाजीशेठ ओळखीच्या घरांना अंगठी जांगडीनं देत, म्हणजे आधी घेऊन जा, पटली तर दाम द्या, नाहीतर माल परत आणा.

पहिली अंगठी निवडायला विनोदिनीबाई आणि पद्मजा शाळा सुटल्यावर शहापूरला गेल्या होत्या. अंबाजीशेठनी काळ्या मखमलीवर चार अंगठ्या मांडल्या आणि दाराशी उन्हात बघू दिल्या नाहीत. "उन्हात काच पण झळकते, बाई. आत सावलीत बघा," ते म्हणाले. विनोदिनीबाईंनी भिंगातून पाहिलं. इवल्याशा खड्याला इतके पैलू असतात हे त्यांनी आधी कधी जवळून पाहिलं नव्हतं. शरदच्या बोटाचं माप दोऱ्याच्या गाठीत निपाणीहून आलं होतं, ते अंगठीत घालून पाहिलं. आपल्या बोटात मात्र त्यांनी ती घातली नाही, नुसती तळहातावर धरली. पद्मजा म्हणाली, "घाल की गं आक्का, कसा दिसतो ते कळेल." त्यांनी ऐकलं न ऐकलं केलं.

निपाणीला पाठवलेली ती अंगठी सातव्या दिवशी परत आली. वखारीतला माणूस भरमू ती घेऊन आला. मालकांच्या पायावर वजन पडलं, अंगठा ठेचला, असा निरोप होता. दुसरी अंगठी चार दिवसांतच परत आली. शरदला ताप भरला होता. तेव्हा शेजारच्या जयाबाई ओट्यावर बसून हळूच म्हणाल्या, की बाई, राग मानू नका, पण अंगठी तुमच्या हातून जाते, हेच त्यांना खुपत असणार. पुढची मी नेते.

विनोदिनीबाईंना राग आला नाही. हे कुणीतरी बोलणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिसरी अंगठी जयाबाईंनी निवडली, हळदकुंकू लावून त्यांनीच निपाणीला नेली. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. लाभत नाही, घेऊन जावे. कारणही दिलं नव्हतं.

पद्मजानं कार्ड दोनदा वाचलं आणि विचारलं, "आक्का, मोडायचं का हे?"

"मला माहीत नाही," विनोदिनीबाई म्हणाल्या. "मी जाऊन येते."

निपाणीत उतरल्याबरोबर तंबाखूचा झोंबरा खाट नाकात शिरला. हंगाम ऐन भरात होता. गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या आणि जो तो शिंकत होता. मारुतीराव वखारीत अडकले होते, ताराबाई, म्हणजे शरदची आई, देवळात गेल्या होत्या. घरात थोरली सून वसुधा होती. पंचविशीची असेल. तिनं पायांवर पाणी घातलं, माजघरात चटई टाकली आणि विनोदिनीबाईंच्या घोट्यांकडं बघून न विचारता पाठीमागं तक्क्या दिला. दोघींची कपाळं मोकळी होती. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

चहा झाल्यावर विनोदिनीबाईंनी सरळ विचारलं, की मी विधवा म्हणून अंगठ्या परत येतात का.

वसुधानं मान हलवली. "तसं न्हाय, बाई. तुमचा काय संबंध न्हाय. कुठलाबी हिरा आणला तरी परतच जाणार." मग ती थांबून थांबून सांगू लागली. लग्नात तिच्या माहेरच्यांनी नवऱ्याला गोल हिऱ्याची अंगठी घातली होती. आठ महिन्यांनी निपाणीत पटकी आली. एका रात्रीत माणूस गेला. पेटक्यांनी मूठ आवळली ती तशीच राहिली, अंगठी निघेना. सोनाराला बोलावून ती कापून काढावी लागली, आणि ते ताराबाईंनी उंबऱ्यात उभं राहून बघितलं. "मामंजी म्हणतात, पटकीनं गेला, खड्यानं न्हाय. आत्याबाईंनी एकदा हिऱ्याचं नाव काढलं तर लई भडकले. धाकट्याला बी तसलीच पायजे म्हणतात, न्हायतर गाव म्हणंल, एकाला घातली आन् एकाला न्हाय. तवापासनं आत्याबाई बोलत न्हाईत. अंगठी आली की सात दिवस जेवत बी न्हाईत धड. काय तरी कारण शोधतात आन् परत पाठवतात."

"आणि शरदचा ताप?"

"सर्दी झालती. तंबाखूच्या दिवसांत कुणाला होत न्हाय."

ताराबाई आल्या त्या दारातच थबकल्या. वसुधाच्या तोंडाकडं पाहून त्यांना सगळं कळलं असावं. त्यांनी प्रसादाचं ताट खाली ठेवलं, देवघरातून अंगठीची डबी आणली आणि ती विनोदिनीबाईंच्या हातात न देता चटईवर ठेवली. वसुधा आत निघून गेली.

मग ताराबाई म्हणाल्या, की तुम्हाला फार हेलपाटे पडले, पाय बघा कसे झालेत. पोरगी मला पसंत आहे, ती या घरात यावी असं देवापुढं रोज म्हणते. पण डबी उघडली की मला तो हात दिसतो.

विनोदिनीबाईंनी विचारलं, हे शरदला माहीत आहे का. ताराबाई म्हणाल्या, त्याला कसं सांगू, तो बापाशी भांडायला उठेल आणि लग्न राहील बाजूला. मग त्या जरा पुढं सरकल्या. त्यांना काहीतरी सुचलं होतं.

"असं केलं तर? अंगठी बायकी घडवून घ्या. मी ह्यांना सांगते, हल्ली नवरीच्याच हातात घालायची चाल पडलीया म्हणून. पद्मजाच्या बोटात घाला हिरा."

"नको," विनोदिनीबाई म्हणाल्या.

हा शब्द इतक्या झटकन आला की त्यांच्या त्याच दचकल्या. वर्गात ग्रहणाचा धडा शिकवताना त्या मुलींना सांगत, राहू नाही, केतू नाही, सावली असते. जयाबाईंचं बोलणं त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. आणि आता पद्मजाच्या बोटात तो खडा, एवढं नुसतं ऐकून त्यांनी नको म्हटलं होतं. त्यांनी मान वर केली तर ताराबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. त्या रागावल्या नव्हत्या.

"व्हय," ताराबाई हळूच म्हणाल्या. "तुमचं पण तसंच हाय म्हणा की."

विनोदिनीबाईंना एकदम फार थकल्यासारखं झालं. हे आत्ताचं नव्हतं, पुष्कळ दिवसांचं साठलेलं होतं. आपण दोघी एकच भीती जपतोय आणि तिच्यापायी तीन-तीनदा अंगठ्या फिरवतोय, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना अंबाजीशेठच्या पेटीतला दुसरा कप्पा आठवला. त्यात पांढरे पुष्कराज होते, तसेच गोल पैलूंचे, आणि पहिल्या दिवशी त्यांची नजर चुकून तिकडं गेली तेव्हा तेही हिरेच वाटले होते. त्यांनी ताराबाईंना ते सांगितलं. पुष्कराज गुरूचा खडा, कुणाला बाधत नाही. गावाला हिराच दिसेल.

ताराबाईंनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. नवऱ्यापासून इतकी मोठी गोष्ट त्यांनी कधी लपवली नव्हती. शेवटी म्हणाल्या, "आणा."

विनोदिनीबाईंनी एकच अट घातली. शरदला हे ठाऊक असलं पाहिजे, आणि ते त्याच्या आईनंच सांगितलं पाहिजे. संसाराच्या पहिल्या दिवशी पद्मजाजवळ नवऱ्याला न सांगण्यासारखं काही असू नये.

दुसऱ्या दिवशी शाळेनंतर त्या शहापूरला गेल्या. अंबाजीशेठना आधी हे मुळीच पटलं नाही. माझ्या दुकानातून पुष्कराज गेला आणि लोक त्याला हिरा म्हणाले, तर उद्या नाव माझं जाईल, असं त्यांचं म्हणणं. विनोदिनीबाई स्टुलावर बसून राहिल्या. त्यांच्यात वाद घालायचं बळ नव्हतं, म्हणून त्यांनी जे घडलं ते तसंच सांगितलं, मूठ आवळल्याचं, अंगठी कापल्याचंही. अंबाजीशेठ ऐकत राहिले. मग त्यांनी पुष्कराजांचा कप्पा उघडला आणि म्हणाले, की चिठ्ठीवर मी पुष्कराज असंच लिहीन, लोकांनी काय म्हणावं ते माझ्या हातात नाही.

त्या दिवशी निवडायला जास्त वेळ लागला. दोन खड्यांत पिवळी झाक होती, एकात बारीक रेघ. चौथा त्यांनी सावलीत धरला, फिरवला, भिंगातून बघितला. तो स्वच्छ होता. हिऱ्यापायी आईच्या पाटल्या मोडायचं ठरलं होतं, त्या मोडाव्या लागल्या नाहीत. रात्री त्यांनी पद्मजाला सगळं सांगितलं आणि पाटल्या तिच्या पुढ्यात ठेवल्या. मग पद्मजानं तेल कोमट केलं आणि आक्काचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसली.

चार दिवसांनी शरदचं पत्र आलं. आईनं सांगितलं, एवढंच त्यात होतं, आणि खाली, दादाचा हात मी विसरलो नाही, तुमचे उपकार आहेत.

अंगठी सात दिवस निपाणीच्या देवघरात राहिली आणि या वेळी लाभली. फाल्गुनात निपाणीलाच मांडव पडला. कन्यादान बेळगुंदीच्या चुलत्यांनी केलं. विनोदिनीबाई अक्षता टाकायला मागच्या खांबाशी उभ्या होत्या, तिथं वसुधाही येऊन उभी राहिली. पंगतीत मारुतीराव मुलाचा हात धरून पाहुण्यांना दाखवत होते. "बेल्जियमचा पैलू हाय. पाणी बघा, पाणी." पाहुणे वाकून बघत होते आणि माना डोलवत होते. शरद हात तसाच धरून उभा होता. वाढायला आलेल्या ताराबाईंनी विनोदिनीबाईंच्या पानात बुंदी जरा जास्तच वाढली आणि वर न बघता पुढं गेल्या. मारुतीरावांना कधीतरी कळेल, तेव्हा ते काय म्हणतील, याचा विचार विनोदिनीबाईंनी उद्यावर ठेवला. आज आणखी विचार करायची ताकद नव्हती.

पद्मजा निघताना रडली. विनोदिनीबाईंना वाटलं होतं आपल्यालाही रडू येईल, पण आलं नाही. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पोचल्याचं पत्र टाकते म्हणाल्या.

दुपारच्या मोटारीत खिडकीशी जागा मिळाली. संकेश्वर मागं पडलं ते त्यांना कळलंच नाही. हत्तरगी कधी गेलं तेही कळलं नाही. बेळगावात क्लीनरनं दोनदा हाक मारली, "बाई, उतरा, गाव आलं." त्या उतरल्या. घरी कुलूप होतं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी वाट बघत नव्हतं, कुणासाठी काही करायचं नव्हतं. त्यांनी चूल पेटवली नाही. लुगडंही बदललं नाही. कॉटवर आडव्या झाल्या, सुजलेले पाय उशीवर ठेवले आणि दिवस मावळायच्या आतच झोपी गेल्या.