तूताईची जागा

“बंद कर, बंद कर! अरे, मला पाद्रीबाबा करून ठेवलंस की तू!”

वाइनेआईने हात उंचावला तसं नगातामाने गाणं थांबवलं. तितिकावेका गावच्या चर्चमागे रविवारशाळेची खोली आहे, तिथे त्याने पाच स्पीकर गोल मांडले होते. मधल्या खुर्चीत, विणलेली पांढरी टोपी मांडीवर घेऊन, वाइनेआई खुदुखुदू हसत होती.

“काय चुकलं, आई?”

“सगळंच! तेरेमोआना माझ्या उजव्या हाताला बसते. लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हापासून तिचा चिरका सूर मी उजव्या कानाने सोसतेय. तू तिला डावीकडे नेलंस. आणि पुरुष तिकडे लांब, समोर? ते आमच्या पाठीशी बसतात. असं गाणं फक्त पाद्रीबाबाला ऐकू येतं. तोही कुठला ऐकतोय, प्रवचनाची पानं चाळत असतो!”

नगातामाने कपाळावर हात मारून घेतला. रेकॉर्डिंगच्या दिवशी आपलं यंत्र घेऊन तो पाद्रीबाबांच्याच शेजारी उभा होता, आणि जसं कानावर पडलं तसंच मांडून मोकळा झाला होता. उभा जन्म त्याने बेटावर लोकांचे कर्णे बांधले: लग्नं, मयतं, रग्बीचे सामने. आपलं म्हणावं असं हे पहिलंच काम. आवारुआच्या संग्रहालयात सोमवारी नवी खोली उघडायची होती. मधे बसावं आणि भोवती अख्ख्या तितिकावेकाने गात राहावं, अशी. पण वाइनेआई चर्चच्या गाणाऱ्या मंडळींची म्होरकी, गाण्याचं काहीही तिच्या होकाराशिवाय चर्चबाहेर जात नसे. आणि वाइनेआई शुक्रवारच्या विमानाने लेकीकडे ऑकलंडला निघाली होती, दुखरे गुडघे घेऊन. परत येईल असं कोणी म्हणत नव्हतं, तीसुद्धा नाही.

“थांब, फिरवतो,” तो म्हणाला. “प्रत्येक बाकाचा आवाज वेगळा घेतलाय. बाकांचे आवाज गोळा करून एकेका वाटेत घालायचे, मग ती वाट कुठल्या स्पीकरला न्यायची ते आपण ठरवायचं. ह्या वाटेला आमच्यात बस म्हणतात.”

“मग उलट्या फेरीच्या बसमध्ये कोंबलंस की आम्हाला!”

बेटाला एकच रस्ता, समुद्राकडेने गोल. एक बस सुलटी फिरते, एक उलटी, आणि चुकीच्या बसमध्ये बसलेला माणूस पोचतो, पण सगळं बेट बघून. नगातामालाही हसू फुटलं. त्याने डावं उजवीकडे नेलं, पुरुषांच्या सगळ्या वाटा मागच्या स्पीकरांना जोडल्या आणि गाणं पुन्हा सुरू केलं.

ह्या खेपेला बायकांचे सूर समोरून आणि दोन्ही बाजूंनी चढले आणि पाठीमागून पुरुषांचं “हं-हा, हं-हा” येऊन थेट बरगड्यांवर आदळलं. वाइनेआईची पावलं ताल धरू लागली. तेरेमोआनाचा सूर उजवीकडून चिरकला तेव्हा तिने सवयीने नाक मुरडलं. नगातामाला वाटलं, जिंकली लढाई.

तेवढ्यात तिने मान उजव्या खांद्याकडे वळवली. पावलं थांबली.

“माझ्या मागे कोण बसलाय?”

नगातामा पुटपुटला, “तेआवा.”

“तेआवा डावीकडे खांबापाशी असतो. तो इथे कसा आला?”

ती जागा तूताईची, तिच्या नवऱ्याची. गेल्या वादळांच्या दिवसांत तो गेला. मेलेल्या गायकाच्या जागी वर्षभर कोणी बसायचं नाही, अशी त्या मंडळींची रीत. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये तिथे नुसती पोकळी आली होती. नगातामाचा कान धंद्याचा. पडलेल्या दातावर जीभ जावी तसा तो सारखा तिथेच जाई. शेवटी त्याने तेआवाच्या आवाजाची नक्कल काढली, जराशी मागेपुढे सरकवली आणि त्या कोपऱ्यात नेऊन बसवली. कोणाच्या बापाला कळणार नाही, अशी त्याची खात्री होती.

“भोक पडल्यासारखं वाटत होतं, आई. म्हणून बुजवलं.”

“भोकच आहे ते.” तिने टोपी उगाच सारखी केली. “मला माहीत नाही होय? दर रविवारी माझ्याच पाठीशी असतं. आणि बसवलंस कोणाला, तर तेआवाला! तूताई त्याला जन्मभर सांगायचा, बाबा, तू नुसतं ‘हं’ कर, ‘हा’ माझ्यावर सोड.” ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. “दर ‘हा’ला माझ्या मानेवर त्याचा श्वास यायचा. सुक्या माशाचा वास नुसता! किती शिव्या घातल्या मी त्याला.”

नगातामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “चुकलो, आई,” तो म्हणाला आणि त्याने तेआवाची नक्कल पुसून टाकली. मग जरा चाचरत विचारलं, “चर्चचा घुमारा तेवढा राहू दे का तिथे?”

“काही नको.”

तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं. मागचा उजवा स्पीकर गप्प होता. पुरुषांचा पहिला “हा” आला तशी वाइनेआई खुर्चीत किंचित पुढे सरकली, मान चुकवल्यासारखी, आणि शेवटपर्यंत तशीच बसून राहिली.

“आता बरोबर,” ती म्हणाली. “आता माझ्या जागेवर बसले.” तिने होकाराची मान हलवली, मग केळीच्या पानातला नारळाचा पाव त्याच्या हातात कोंबला. “खा, वाळलायस. आणि सोमवारी लोकांना सांग, मागचा कर्णा बिघडलेला नाही म्हणावं.”

बाहेर तिला न्यायला आलेल्या लेकीने गाडीचा भोंगा वाजवला. वाइनेआई टोपी डोक्यावर ठेवून, दाराची चौकट धरत, सावकाश पायऱ्या उतरली.

नगातामा काम जपून ठेवायला बसला तर पडद्यावर सूचना आली: एका वाटेत काहीच नाही, काढून टाकू का? त्याने नको म्हटलं. त्या वाटेला ‘तूताई’ असं नाव दिलं, मागच्या उजव्या स्पीकरला ती तशीच जोडलेली ठेवली, तिचा आवाज कमीजास्त करायची दांडी बाकीच्यांच्या बरोबरीला आणली, आणि पाव खात गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.